अदलाबदलीचा कागद

त्या वर्षीची अदलाबदल कमिटीने केली नव्हती. मी केली होती. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला मी ऑफिसात बढती हुकली तरी त्याच संध्याकाळी सांगून टाकतो.

कुठली अदलाबदल, हे आधी सांगायला हवं.

बहरीनमध्ये येऊन मला तेवीस वर्षं झाली. एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत मी एसीच्या डक्टची ड्रॉइंग तपासतो. आधी काढायचो, आता दुसऱ्यांनी काढलेली तपासतो, एवढाच फरक. राहतो माहूजमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. शुक्रवारी सकाळी मात्र मी सनदच्या मैदानावर असतो. तिथे आम्हा हिंदुस्तानी लोकांची फुटबॉलची लीग चालते. आठ टीम, भाड्याचं मैदान, नकली गवत. बँकवाले, क्लार्क, ड्रायव्हर, फिटर, एक दातांचा डॉक्टर. निम्म्यांची पोटं सुटलेली. पण नियम सगळे व्यावसायिक क्लबांचे.

त्याला कारण आमचे सेक्रेटरी. अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलचे क्लब नवे खेळाडू पाळीपाळीने कसे उचलतात, हे त्यांनी कुठेतरी बघितलं. गेल्या वर्षी जो शेवटचा, त्याला पहिली पाळी. आणि उचललेल्या खेळाडूने अजून जर्सीसुद्धा अंगात घातलेली नसते, तोवर क्लब त्याला आपसात बदलूनही टाकतात. सेक्रेटरींना हे फार आवडलं. आमच्याकडेही मग तसंच सुरू झालं. सप्टेंबरात नव्या खेळाडूंची नावं यायची. एका गुरुवारी संध्याकाळी मनामातल्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये आठ मॅनेजर बसायचे आणि पाळीपाळीने नावं घ्यायचे. याला आम्ही ड्राफ्ट म्हणायचो. पुढचा एक आठवडा अदलाबदलीचा.

अदलाबदलीचा नियम साधा होता. जुन्या खेळाडूला विचारल्याशिवाय हलवायचं नाही. नव्याला विचारायचंच नाही. पहिली दोन वर्षं विचारून बघितलं होतं. प्रत्येकाला आपल्या रूम पार्टनरच्या नाहीतर मेव्हण्याच्या टीममध्ये जायचं असायचं, आणि सीझन महिनाभर लांबायचा. म्हणून मग एक कागद ठरला. खेळाडूचं नाव, कुठून कुठे, दोन मॅनेजरांच्या सह्या, आणि खाली एक ओळ: तब्येतीची काही अडचण आहे का. खेळाडूला आपली टीम बदलल्याचं कळायचं ते गुरुवारी, लीगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी पडल्यावर.

मी एका टीमचा मॅनेजर होतो. ज्या वर्षाबद्दल लिहितोय त्याला आता सहा सीझन झाले. त्याआधीची लागोपाठ दोन वर्षं आम्ही शेवटचे आलो होतो.

तो मला भेटला आमच्या बिल्डिंगखालच्या कोल्ड स्टोअरमध्ये. इथे किराण्याच्या छोट्या दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. मी दूध घ्यायला उतरलो होतो. काउंटरशी एक तिशी ओलांडलेला माणूस प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा गेलेला फुटबॉल घेऊन उभा होता आणि दुकानदाराकडे हिंदीतून पंप मागत होता. दुकानदाराने त्याला आधी पंखा दाखवला, मग सायकलवाल्याचा पत्ता सांगितला. तो वळला आणि स्वतःशीच म्हणाला, "एवढा मोठा देश, आन् हवा भरायला मिळंना."

मी म्हटलं, पंप माझ्या गाडीत आहे.

तो माझ्याकडे बघतच राहिला. पंपामुळे नाही, मराठीमुळे. रत्नागिरीकडचा निघाला, खाडीच्या काठच्या एका गावचा. माझ्या वडिलांचं गाव तिथून दोन तासांवर. मी वाढलो पुण्यात, गावी फार तर पाच वेळा गेलो असेन, पण त्या दिवशी मी अगदी गाववाल्यासारखा बोललो. तो जहाजदुरुस्तीच्या एका यार्डात पाइप फिटर होता. येऊन तीन वर्षं झाली होती. त्या दिवशी ओव्हरटाइमवर कसलंसं सामान पोचवायला आमच्या भागात आला होता. आधी मला साहेब म्हणाला. चेंडूत हवा भरून होईस्तोवर भाऊ म्हणायला लागला.

पुढच्या शुक्रवारी दुपारी मी त्याच्या क्वार्टर्समागच्या मातीच्या मैदानावर त्याचा खेळ बघायला गेलो. डाव्या पायाचा खेळाडू होता. डावीकडच्या रेषेजवळून, मान न उचलता, तो चेंडू थेट समोरच्या कोपऱ्यात द्यायचा आणि तिथल्या माणसाला जागचं हलावं लागायचं नाही. बाकीचे धावत होते, हा खेळत होता. मी तिथल्या तिथे ठरवलं, आपली पहिली पाळी याच्यासाठी.

मग तो एक-दोनदा घरी आला. बायकोला माझ्याशी गावाकडच्या माशांबद्दल बोलायची सोय नव्हती, तिला हा सापडला. इथला हमूर मासा कसा बघून घ्यायचा, कापताना काटा कुठून सोडवायचा, हे त्याने आमच्या ओट्याशी उभं राहून तिला दाखवलं. वहिनी म्हणायचा. ती मला म्हणाली, "तुमच्या सगळ्या फुटबॉलवाल्यांत हा एकच हात धुऊन स्वयंपाकघरात येतो."

मासा कापून दाखवला त्या दिवशी जेवण झाल्यावर बायको आत गेली तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, एक सांगायचं व्हतं. कुणाला बोलू नका."

त्याने पॅंटचा डावा पाय गुडघ्यावर सरकवला. बघायला फार काही नव्हतं, एका बाजूला जरा फुगीर होता, इतकंच. दोन वर्षांपूर्वी टाकीच्या आत काम करताना शिडी सरकली होती. त्याने कुणाला सांगितलं नाही. ताप आल्याचं सांगून तीन दिवस झोपून काढले. फाइलला लागलं असतं, तर पुढच्या मेडिकलला कंपनीने घरी धाडलं असतं, असं तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस पडला असता तर भिजलो असतो, अशा सुरात सांगितलं.

"खेळेन मी. पण अर्धा वेळ. त्याच्या फुडं तो गुडघा माझं ऐकत नाय."

मी म्हटलं, "तू माझ्या टीममध्ये आहेस. हाफ टाइमच्या पुढे एक मिनिट ठेवणार नाही तुला."

"तुमी हाय म्हणून सांगितलं," तो म्हणाला आणि पॅंट खाली ओढली.

ड्राफ्टच्या संध्याकाळी पहिली पाळी अर्थातच आमची होती. मी त्याचं नाव घेतलं तेव्हा हॉलमध्ये हशा पिकला. पहिल्या नंबरला लोक गोल मारणारा घेतात, मी घेतला डावा बॅक, म्हणजे बचावातला. केरळी टीमचे मॅनेजर ट्रॅव्हल एजन्सीत कामाला होते आणि मला सारखे टोचायचे. ते म्हणाले, "आपको पहला नंबर का आदत हो गया है, भाई. हर साल लास्ट आने का फायदा." मीही हसलो. दुसऱ्या दिवशी मैदानावर त्याला जर्सी दिली. निळी, तीन नंबर. त्याने ती घडी मोडून अंगाला लावून बघितली आणि परत तशीच घडी घातली.

सोमवारी आमच्या गोलकीपरचा फोन आला. त्याच्या कंपनीने त्याची सौदीतल्या खोबरला बदली केली होती, पंधरा दिवसांत जायचं होतं. आमच्याकडे दुसरा गोलकीपर नव्हता. ड्राफ्ट झालेला होता. नव्या नावांत एकच खरा गोलकीपर होता, आणि त्याला केरळी टीमने उचललं होतं, त्यांच्याकडे एक असताना.

इथे मला माझ्याबद्दल थोडं खरं लिहायला हवं. तेवीस वर्षांत ऑफिसात मला कुणी कधी काही विचारलं नाही. ड्रॉइंग येतं, मी लाल खुणा करतो, ड्रॉइंग जातं. मीटिंगला मला बोलावतात ते चूक कुणाची होती ते विचारायला. घरी मुलगी मराठी समजते आणि उत्तर इंग्रजीत देते, तेही दार लावता लावता. आठवड्यातून एक सकाळ अशी होती की चौदा माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची. मी म्हटलं की पळायची, मी म्हटलं की थांबायची. लोक मला नावाने नाही, मॅनेजर म्हणून हाक मारायचे. आणि त्या ऑगस्टमध्ये सेक्रेटरींनी चहा पिता पिता, अगदी गोडीने सुचवलं होतं की तिसऱ्यांदाही टीम शेवटची आली तर नवीन माणसाला संधी द्यावी म्हणतात. नवीन माणूस कोण तेही मला माहीत होतं. बँकेतला होता, चाळिशीही झाली नव्हती.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, गेलो. तिथे एका बोळात करक चहाचं दुकान आहे, दाट, वेलचीचा, गोडमिट्ट चहा. केरळी टीमचे मॅनेजर तिथे रोज बसायचे. बोलणं पाच मिनिटांत झालं. त्यांना डावा बॅक हवा होता, मला गोलकीपर. त्यांनी खिशातून कागद काढला. आणलाच होता. नावं भरली, मग शेवटच्या ओळीवर पेन ठेवून विचारलं, "तबियत का कुछ?"

इथे सगळ्या भाषांची माणसं 'काही नाही' म्हणायला एकच अरबी शब्द वापरतात. भाजीवाल्याकडे कोथिंबीर नसली की तो म्हणतो मफी. बॉसला फाइल मिळाली नाही की मफी. दिवसातून पन्नास वेळा तोंडातून जातो.

"मफी," मी म्हणालो.

त्यांनी त्या ओळीवर आडवी रेघ मारली. मी सही केली. चहा त्यांनी पाजला.

परत येताना टॅक्सीत मी स्वतःला जे सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. त्यानेच तर सांगितलं होतं, कुणाला बोलू नका. मी त्याचा शब्द पाळला. हे इतकं चोख बसत होतं की मला थोडं हलकंही वाटलं. अदलाबदल न करण्याचा रस्ता होताच. करायचीच तर आधी त्याला फोन करता आला असता, नियमात बसो न बसो. हे दोन्ही मला सुचलं नाही असं म्हणता येणार नाही. सुचलं होतं. म्हणूनच मी इतर गोष्टींचा विचार करत होतो.

गुरुवारी यादी पडली. यार्डातली दुपारची सुट्टी झाल्याबरोबर त्याचा फोन आला.

"भाऊ, हे कसं झालं?"

"कमिटीने केलं," मी म्हणालो. "माझ्या हातात काही नव्हतं."

तो म्हणाला, असूं द्या. कमिटी म्हणजे काय, ते तरी काय करतील. मग म्हणाला, "पण तिथं गुडघ्याचं कुणाला म्हायत नाय. मी सांगायला गेलो तर फुटेल. तुमी त्यांच्या मॅनेजरला तेवढं बाजूला घेऊन सांगाल? तुमचं ऐकतील."

मी म्हटलं, "तू काळजी करू नकोस. मी बोलतो."

बोललो नाही. आता हे सांगितलं असतं, तर आधी का सांगितलं नाही हे सांगावं लागलं असतं. कागद खोटा ठरला असता, गोलकीपर परत गेला असता. सीझन सुरू व्हायला एक आठवडा होता. पहिल्या सामन्याआधी बोलू, असं ठरवलं. मग पहिल्या सामन्यानंतर.

आणि पहिल्या सामन्यात गंमत अशी झाली की केरळी टीम पहिल्या हाफमध्येच चार गोलांनी पुढे गेली, आणि मॅनेजरांनी हाफ टाइमला तीन-चार जणांना बसवून बदली माणसं खेळवली. त्यात हाही होता. दुसऱ्या सामन्यातही जवळपास तसंच. दुसऱ्या सामन्याच्या संध्याकाळी त्याचा मला फोन आला. "भाऊ, तुमी बोललात म्हणून बरं झालं. बरोबर अर्ध्या वेळाला बाहेर काढतात. आभार मानायला फोन केला."

मी म्हणालो, "अरे, आभार कसले."

हे 'आभार कसले' मला त्या मफीपेक्षा जड जातं. तोवर मी लपवलं होतं इतकंच. या वेळी जे केलं नव्हतं त्याचे आभार मी घेतले. आणि त्याच्या डोक्यात पक्कं झालं की त्यांच्या मॅनेजरला सगळं ठाऊक आहे.

तिसरा सामना आमच्याशी होता.

नोव्हेंबर होता, सकाळी सातला हवा अगदी चांगली असते. दुसऱ्या बाजूला पिवळ्या जर्सीत तो उभा होता. मला बघून त्याने छातीवरची पिवळी जर्सी दोन बोटांनी ओढून दाखवली आणि मान हलवली, काय ही वेळ, अशा अर्थाने. हाफ टाइमला शून्य-शून्य. आमचा नवा गोलकीपर खरंच चांगला होता, त्याने दोन नक्की जाणारे गोल अडवले होते.

हाफ टाइमला तो त्यांच्या बाकासमोर बसला, बुटाची नाडी सोडून परत बांधली आणि मॅनेजरांकडे बघितलं. मी मैदानाच्या या बाजूने बघत होतो. मॅनेजर दुसऱ्याच कुणाला तरी काही समजावत होते. याने डाव्या गुडघ्यावर तळवा ठेवला, दोनदा दाबला. परत बघितलं. मग बाकी उठले तसा उठला. मॅनेजरला माहीत आहे, आज गरज आहे म्हणून ठेवलंय, असंच त्याला वाटलं असणार. पुढे त्याने मला तसं सांगितलंही.

माझ्यापासून तो बाक वीस-पंचवीस पावलांवर होता. चालत गेलो असतो आणि दोन शब्द बोललो असतो तरी पुरलं असतं.

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहायला बसलो नसतो. न बोलणाऱ्या माणसाला न बोलल्याची सवय होते. पण त्या वेळी आमच्या उजव्या बाजूने खेळणारा, तो दातांचा डॉक्टर, पाणी पिता पिता माझ्याजवळ आला. पहिल्या हाफमध्ये तो मधूनच घुसायला बघत होता आणि अडत होता. त्याने विचारलं, आता कसं करू?

मी त्याला म्हणालो, "त्यांच्या डाव्या बॅकच्या अंगावर जा. पळव त्याला. आता तो टिकणार नाही."

मला हे कसं माहीत, हे त्याने विचारलं नाही. मॅनेजर म्हणतो म्हणजे म्हणतो.

त्याने पळवला. पहिल्या दोन वेळा हा पुरून उरला, एकदा तर चेंडू इतका अलगद काढून घेतला की आमच्याच बाकावरून कुणीतरी वा म्हणालं. तिसऱ्यांदा डॉक्टर बाहेर जाण्याचं दाखवून आत वळला. हाही वळला, पण त्याचा डावा पाय नकली गवतात होता तसाच राहिला. कुणी कुणाला धक्का दिला नव्हता. तो पायातला काटा काढायला बसावं तसा खाली बसला. रेफरीने शिट्टी वाजवली नाही, कारण फाउल नव्हता. डॉक्टर तसाच पुढे गेला आणि त्याने चेंडू आत दिला. गोल झाला. माझे चौदा जण माझ्याकडे धावत आले.

आम्ही तो सामना एक-शून्यने जिंकलो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझं काम फक्त गाडी चालवण्याचं होतं. सरकारी दवाखान्यात मीच त्याला नेलं. गुडघ्याच्या आतला दोर, लिगामेंट, तुटला होता. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्टमध्ये जुनी दुखापतही लिहिली, ती लपवून ठेवण्यासारखी राहिलीच नव्हती. सिक लीव्ह टाकायची तर रिपोर्ट कंपनीत द्यावा लागला. कंपनीने त्याला काही वाईट वागवलं नाही. पगारी रजा दिली, एकदा गाडीही पाठवली. फक्त जानेवारीत व्हिसा संपत होता तो पुढे वाढवला नाही.

त्या दोन महिन्यांत मी दर शुक्रवारी सामन्यानंतर त्याच्या क्वार्टर्समध्ये जायचो. बायको डबा द्यायची. तो मला निकाल विचारायचा. आम्ही चांगले खेळत होतो. गोलकीपरचं मी कौतुक करायचो आणि तो खाटेवर पाय उशीवर ठेवून ऐकायचा. एकदा म्हणाला, "चला, कमिटीनं तुमचं तरी भलं केलं." त्यात टोमणा नव्हता. असता तर मी सगळं ओकलो असतो असं मला कधीकधी वाटतं. पण हेही मी माझ्या सोयीने म्हणत असेन.

एअरपोर्टवर मीच सोडलं. सकाळचं विमान होतं. कुबडीने चालत होता, त्याची बॅग माझ्या हातात. रस्ताभर मी ठरवत होतो. पुलावर सांगू. पार्किंगमध्ये सांगू. चेक-इनच्या रांगेत माझा चेहरा बघून तोच थांबला.

"भाऊ, तुमी कशाला जिवाला लावून घेता? तुमी तर माझ्यासाठी बोलला व्हतात."

मी म्हणालो, "काळजी घे."

"वहिनींना सांगा, हमूर डोळे बघून घ्यायचा." आणि गेला.

त्या सीझनला आमची टीम तिसरी आली. एक छोटा कप मिळाला. तो घरात काचेच्या कपाटात आहे. मी मॅनेजर राहिलो, अजून आहे. बँकवाला मध्यंतरी कॅनडाला निघून गेला, म्हणजे थोडं थांबलो असतो तरी खुर्ची राहिलीच असती. कप पुसताना बायको अधूनमधून विचारते, "तो कोकणातला, त्याचं काय चाललंय हो?" मी सांगतो, बरं आहे.

बरं आहे असं तोही सांगतो. दर दिवाळीला सकाळी त्याचा आवाजी मेसेज येतो, त्याच्या ईदला मी पाठवतो. शिडीवर चढता येत नाही म्हणून फिटरचं काम सुटलं. मावसभावाच्या पाइप-नळाच्या दुकानात बसतो. माल ओळखतो, म्हणाला, पण काढून द्यायला दुसऱ्याला सांगावं लागतं. गावात सामने असले की रेषेबाहेर खुर्ची टाकून रेफरी होतो. पोरं त्याला शिट्टीचाचा म्हणतात, हे सांगताना स्वतःच हसला होता. प्रत्येक मेसेजच्या शेवटी एक प्रश्न असतो, "आपली टीम कितवी आली?"

आपली टीम. आमच्यासाठी तो एकही सामना खेळला नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने दुकानातला फोटो पाठवला, मागे पाइपांचे ढीग. अंगात निळी जर्सी, तीन नंबर. ती परत मागायची माझ्याकडून राहिली होती, आणि त्याने ती नेली होती.

यंदा उन्हाळ्यात कमिटीने नियम तपासायला बैठक घेतली तेव्हा मी एक सुचवलं. नव्या खेळाडूलाही विचारल्याशिवाय हलवू नये, आणि कागदावर त्याची स्वतःची सही असावी. कुणीतरी विचारलं, काय झालं अचानक? मी म्हटलं, असंच. केरळी टीमचे मॅनेजर, आता केस पांढरे झालेत त्यांचे, म्हणाले, "सही बात है. वो एक लडका था ना, लेफ्ट बॅक. मुझे मालूम होता तो मैं कभी पूरा मॅच नहीं खिलाता." आणि माझ्याकडे बघितलं. रोखून नाही, सहज. सहा वर्षं हा भला माणूस मनात समजत आला असणार की आपल्या हातून झालं. मी समोरची बिस्किटं त्यांच्याकडे सरकवली. नियम एकमताने पास झाला.

त्या दिवशी घरी येताना थोडा वेळ वाटलं, चला, काहीतरी केलं. माहूजच्या सिग्नलपर्यंत ते टिकलं. नियम पुढच्या माणसांच्या कामाचा आहे. त्याच्या नाही.

हे लिहितानाही मी कुणाचं नाव लिहिलेलं नाही, म्हणजे हे छापून आलं आणि चुकून त्याच्या दुकानात पोचलं, तरी त्याला वाटेल दुसऱ्याच कुणाची गोष्ट. नाही, कळेल त्याला. गुडघा आहे, हमूर आहे. पण त्याला असं कागदावरून कळणं म्हणजे परत यादीच पडल्यासारखं झालं. एकदा त्याला असंच, माझ्या तोंडून नाही, यादीवरून कळलं आहे.

दिवाळीला पंधरा दिवस आहेत. त्याचा मेसेज येईल. त्याआधी मी फोन करायला हवा, आवाजी मेसेज नाही, फोन, आणि तो दुकानात नसेल अशा वेळी. त्याला तीन गोष्टी सांगायच्या आहेत. कमिटीने नाही, मी तुला दिलं. त्यांच्या मॅनेजरशी मी गुडघ्याबद्दल कधीच बोललो नव्हतो. आणि त्या सकाळी तुझ्या अंगावर माणूस मी पाठवला, गुडघ्याचं माहीत असताना. केरळी मॅनेजरांनाही सांगायचं आहे, की मफी म्हणालो तेव्हा मला गुडघ्याचं माहीत होतं, आणि तुम्हाला सांगतो असा शब्द त्याला देऊनही मी सांगितलं नाही.

यातलं अजून मी काहीही सांगितलेलं नाही. एवढं माझ्याकडे त्यांचं देणं आहे.